नाव न घेता

दुपारी तीन वाजता दाजी ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेले, वाटेला लागले आणि वळणाआड झाले. त्यानंतर ते आमच्यापैकी कुणालाही दिसलेले नाहीत.

जाताना म्हणाले होते, "ते हात एकदा बघून येतो. तुम्ही चहा घ्या तोवर."

"सकाळी तासभर बघितलेत की," अक्का म्हणाली.

"सकाळी उजेड समोरून होता. आता बाजूनं पडला असेल."

"उजेड बघायला इतक्या लांब आलोय होय आपण?"

"तू कांगारू बघ. मी उजेड बघतो. कुणी कुणाला आडवं यायला नको."

अक्का हसली. थर्मासचं झाकण माझ्या हातात देत म्हणाली, "रंगा, ह्यांच्या नादानं तू उठू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतोय ते बघ आधी." गुडघा खरंच दुखत होता. मी बसून राहिलो.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी तिचे यजमान, जयसिंगराव नलवडे. सांगलीजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल ब्रिस्बेनला नोकरी करायची. तिनं आम्हा तिघांना बोलावून घेतलं होतं. मी तेव्हा एका दैनिकात वृत्तसंपादक होतो आणि सलग महिनाभर रजा घेण्याची माझी ती पहिलीच वेळ.

कॅलन गॉर्ज क्वीन्सलंडच्या बऱ्याच आतल्या भागात आहे. आपल्याकडं दरी म्हटली की काळा कातळ. इथले कडे वाळूच्या दगडाचे, खाली पांढुरके आणि वर तांबूस, करवतीनं कापल्यासारखे उभे. मधून ओढा वाहतो. पायवाट त्या ओढ्याच्या कधी या काठानं, कधी त्या काठानं आत जाते. दोन्ही अंगांना अरुंद घळी फुटतात. एका ठिकाणी लोखंडी शिडी लावलेली आहे, तिनं वर पठारावर जाता येतं. खाली, वाहनतळाजवळ, ओढ्याचे खोल डोह आहेत. पुढं जे झालं ते समजायला एवढा भूगोल पुरे.

सकाळी आमच्याबरोबर डॅरिल होता. तो पार्कचा रेंजर, पन्नाशीतला, ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्याच्या आईकडची माणसं याच दरीतली. कड्याच्या पोटाशी लाकडी फळ्यांचा मार्ग केला आहे, तिथं उभं करून त्यानं आम्हाला हात दाखवले. भिंतभर हात. मोठे, लहान, काही तर तान्ह्या मुलांचे.

"हे उमटवलेले नाहीत," तो म्हणाला. "हात भिंतीवर ठेवायचा आणि तोंडात गेरू घेऊन भोवती फुंकायचा. मग हात काढून घ्यायचा."

दाजी कठड्यावर वाकून बघत राहिले. विचारात असले की त्यांचा हात खिशात जायचा आणि किल्ल्यांच्या जुडग्यातलं चांदीचं कानकोरणं बोटांत फिरत राहायचं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. एका कडीत कानकोरणं आणि दातकोरणं.

"आपल्याकडं हळदीचे हात उमटवतात," ते मला म्हणाले. "इथं उलट. सगळीकडं रंग आहे, फक्त हाताच्या जागी नाही."

पुढं वाटेत एक घोरपड आडवी गेली. "आपल्या शेजारच्या घोरपड्यांना फोटो पाठव," दाजी मृणालला म्हणाले. "म्हणावं, तुमची भावकी भेटली." मग डॅरिलनं झुडपामागं एका पक्ष्याचा मांडव दाखवला. गवताच्या काड्या दोन रांगांत उभ्या रोवलेल्या आणि पुढं अंगणात पांढरी हाडकं, गोगलगायींचे शंख, हिरव्या काचेचे तुकडे, शिवाय एक चहाचा चमचा.

"हे घरटं नाही," डॅरिल म्हणाला. "नर मांडून ठेवतो. मादीनं बघायला यावं म्हणून."

"चमचा कुणाचा?" अक्कानं विचारलं. मृणालनं भाषांतर केलं.

"कॅम्पातून उचललेला. गेल्या वर्षी एका बाईचं कानातलं नेलं होतं. चकाकतं ते ह्याचं."

दाजींनी कानकोरणं खिशात टाकलं आणि वरून खिसा थोपटला.

जेवायला ओढ्याकाठी बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. जेवण झाल्यावर मृणालनं आईला उखाणा घ्यायला लावला.

"इथं? कांगारूंसमोर?"

"त्यांना कुठं मराठी कळतंय? घे गं."

अक्कानं पदर सारखा केला. "तांबड्या कड्याखाली, पाण्याला नाही पूर, जयसिंगरावांचं नाव घेते, माहेर राहिलं दूर."

"पूर नाही म्हणू नकोस," दाजी म्हणाले. "ओढ्याच्या कानावर जाईल."

त्यानंतर तासाभरानं ते उठून गेले.

पहिली हाक अक्कानं मारली. "अहो!" ती समोरच्या कड्यावर आपटून परत आली. मृणाल "बाबा" करत ओढ्यापलीकडं धावली. मी "दाजी" म्हणून ओरडत होतो. झाडांत कुकाबरा नावाचे पक्षी असतात, ते एकदम ओरडू लागले की माणसं खदाखदा हसताहेत असं वाटतं. ते हसायला लागले तशी अक्का दचकून गप्प झाली आणि ते थांबल्यावर पुन्हा हाका मारू लागली.

मृणाल हातांपर्यंत जाऊन परत आली. फळ्यांच्या मार्गावर कुणी नव्हतं. तिनं वाहनतळावर जाऊन डॅरिलला गाठलं, पोलिसांना फोन झाला, तिनं नाव, वय, उंची सांगितली. डॅरिल आमच्यापाशी येऊन अक्काला म्हणाला, "तुमचा आवाज ते ओळखतील. तुम्ही हाका मारत राहा." तिनं मारल्या. आम्हीही मारल्या. अंधार पडेपर्यंत तो आमच्याजवळच उभा होता, मान खाली घालून, ऐकत.

त्या संध्याकाळीच दोन खबरी मिळाल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. एका जर्मन जोडप्यानं पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना शिडीकडं जाताना पाहिलं होतं. कॅम्पातल्या एका बाईनं पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना खालच्या डोहात पाय सोडून बसलेलं पाहिलं होतं. वेळ दोघांनीही चारच्या आसपासची सांगितली. शिडी वरच्या अंगाला, डोह खालच्या अंगाला. पांढरी गांधी टोपी त्या अख्ख्या दरीत एकच होती, दाजींची.

"डोहाकडं जायला त्यांना आपल्यासमोरूनच जावं लागलं असतं," मी म्हणालो.

"पलीकडच्या काठानं गेले असतील तर दिसणार नाहीत," डॅरिल म्हणाला. "झाडी दाट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सार्जंट आला, नारिंगी कपड्यांतले स्वयंसेवक आले. त्यांच्या तुकड्या झाल्या. एक घळींत, एक ओढ्याकाठानं, एक शिडीनं वर. सगळीकडून हाका ऐकू येत होत्या. "जे-सिंग! जे-सिंग!"

"अशा हाका मारल्यात तर ह्यांना वाटेल, दुसऱ्याच कुणाला शोधतायत," अक्का म्हणाली. तिला आम्ही सहलीच्या लोकांसाठीच्या लाकडी टेबलापाशी बसवलं होतं. मधूनच उठून ती ओढ्याच्या कडेला जायची, "अहो" म्हणून हाक द्यायची आणि येऊन बसायची.

दुपारच्या आधी कधीतरी हाका थांबल्या. माणसं फिरत होती, झुडपं हलत होती, पण नाव ऐकू येत नव्हतं. नुसत्या शिट्या.

"रंगा," अक्का म्हणाली, "ही माणसं नाव का घेईनात?"

मी एका स्वयंसेविकेला गाठलं. पिकल्या केसांची, शेतकरीण असावी.

"आम्हाला सांगितलंय, नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीच्या कानावर तर मुळीच जाऊ द्यायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"डॅरिलनं."

"का?"

तिनं अक्काकडं पाहिलं, मग माझ्या दंडावर हात ठेवला. म्हणाली, "मला फार वाईट वाटतं," आणि निघून गेली.

मी हे अक्काला होतं तसं सांगितलं.

"म्हणजे सापडलेत," ती म्हणाली.

"सापडले असते तर सांगितलं असतं ना?"

"वाईट बातमी लगेच सांगत नाहीत. तू पेपरवाला आहेस, तुला ठाऊक नाही? आधी घरच्यांना बसवतात. पाणी देतात."

तेवढ्यात एक पोरगेला हवालदार आला. त्यानं हातातली घडीची खुर्ची उघडून तिच्यासमोर ठेवली आणि खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवली.

अक्का बाटलीकडं बघत राहिली. त्या दिवशी तिनं पुन्हा हाक मारली नाही.

दुपारी पाणबुडे आले. शिडीनं वर गेलेली तुकडी खाली उतरली आणि डोहांच्या काठाला पसरली. घळींतली माणसंही तिकडंच वळली. मृणाल तरातरा सार्जंटकडं गेली, मी मागोमाग.

"वरची माणसं खाली का आणलीत?"

"टप्प्याटप्प्यानं करतो आहोत," सार्जंट म्हणाला. सभ्य माणूस होता, आवाज चढवत नव्हता. "आधी पाणी बघू."

"ज्यांनी त्यांना शिडीकडं बघितलं त्यांचं काय?"

"तेही लक्षात धरलेलं आहे. पण कुटुंबाला काय वाटतं याचाही आम्ही विचार करतो."

"कुटुंबाला काय वाटतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सार्जंटनं डॅरिलकडं पाहिलं. डॅरिल पाण्याकडं बघत होता.

येताना मृणालनं मला थांबवलं. "मामा, आई काही बोलली का ह्यांना?"

"तिला इंग्रजी कुठं येतं? आणि मी तिथंच होतो."

"मग ह्यांना नक्की काहीतरी सापडलंय. टोपी, चप्पल, काहीतरी. सांगत नाहीयेत."

"आईलाही तेच वाटतंय."

"तिला असं वाटतंय?" मृणालनं वळून टेबलापाशी बसलेल्या आईकडं पाहिलं. "मग खरंच असेल."

आमच्या धंद्यात दोन बाजूंनी दुजोरा आला की बातमी पक्की धरतात. त्या दिवशी मी ती मनाशी पक्की धरली. फक्त कशाचा दुजोरा कुणी दिला हे माझं मला मांडता येत नव्हतं. कुणी काही पाहिलं नव्हतं. काही सापडल्याचं कुणी म्हणत नव्हतं. आणि तरी दरीतल्या प्रत्येक माणसाचा चेहरा, आमचेही, मयताला आल्यासारखा झाला होता.

डोहांत काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही पाणबुडे उतरले आणि रिकामे वर आले. दुपारी डॅरिल आमच्या टेबलापाशी आला. टोपी काढून अक्कासमोर उकिडवा बसला.

"तुझ्या आईला सांग," तो मृणालला म्हणाला, "आम्ही जपून वागतो आहोत. आमच्यापैकी कुणी त्यांचं नाव घेणार नाही. काळजी करू नका म्हणावं."

मृणालनं सांगितलं.

अक्का म्हणाली, "त्याला विचार, हे कुठं दिसले तुला?"

"मला दिसले नाहीत. कुणालाच दिसले नाहीत."

"मग गेले कशावरून?"

"आमच्याकडं माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत," डॅरिल म्हणाला. " घरचे तर नाहीच. माझी मावशी गेली तेव्हा माझ्या बहिणीलाही आम्ही दुसऱ्या नावानं हाक मारायला लागलो, कारण नाव एकच होतं. परवा संध्याकाळी मी तुमच्याजवळ उभा होतो. तुम्ही हाका मारत होतात, पण नाव कुणीच घेत नव्हतं. बायको नाही, मुलगी नाही, तुमचा हा भाऊही नाही. मी मृणालला विचारलं, तू काय म्हणून हाक मारतेस. ती म्हणाली, बाप म्हणून. आई नाव घेत नाही का, तर म्हणाली, नाही, ती नाव घेत नाही. मला वाटलं, तुम्हाला आतून कळलंय. कसं कळलं, ते विचारत नसतात. मी सार्जंटला एवढंच म्हणालो की घरच्यांनी नाव सोडलंय."

मृणाल भाषांतर करता करता मधेच थांबली. "मामा, तू सांग पुढचं," म्हणून तोंड फिरवून उभी राहिली.

मी सांगितलं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"आणि मी म्हणत होते, ह्या माणसांना कळलंय," ती म्हणाली.

मग ती डॅरिलकडं बघून मराठीतच बोलायला लागली, सावकाश, त्याला समजत असल्यासारखं. "लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. घेतलं ते उखाण्यात. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमची आई सांगायची. ही पोरगी बापाला नावानं हाक मारेल का? हा माझा धाकटा भाऊ, हा दाजींचं नाव घेईल? आमच्याकडं माणूस आहे म्हणून नाव घेत नाहीत. सांग त्याला."

मी सांगितलं. डॅरिल आधी माझ्याकडं आणि मग अक्काकडं बघत राहिला. मग उठला, टोपी घातली आणि सार्जंटच्या गाडीकडं चालायला लागला. थोडं गेल्यावर पळायला लागला.

त्या संध्याकाळी माणसं पुन्हा शिडीनं वर गेली. वरून हाका ऐकू येऊ लागल्या, तीच चुकीची "जे-सिंग". अक्का ओढ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि खालून "अहो" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. दुपारी ढग उतरले, ते परत गेलं. मग पाऊस लागला तो थांबेना. ओढ्यातले दगड पाण्याखाली गेले, आम्हाला ट्रॅक्टरवरून बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर आणखी एकदा शोध झाला. चौकशीचा निष्कर्ष पुढच्या वर्षी आला: कुठे, कसे, केव्हा, यातलं काही ठरवता येत नाही.

ती माणसं तेव्हा वरच राहिली असती तर काही झालं असतं का, हे मी दोघांनाही विचारलं आहे. सार्जंटचं म्हणणं, डोह जवळ होते, आधी तेच पाहिले गेले असते. डॅरिलचं म्हणणं, नाही, त्याच्या सांगण्यामुळंच माणसं उतरली. दोघांचीही म्हणणी माझ्याजवळ आहेत. त्यांतलं खरं कुठलं ते मला कळलेलं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. अक्का सांगलीत राहते, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. कुंकू लावते. नाव घेत नाही. हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, कारण काय ठरवावं हे बायकांनाही कळत नाही. तीही कुणाला विचारत नाही.

गेल्या महिन्यात डॅरिलचा मृणालला फोन आला. तो आता निवृत्त आहे, पण पठारावर जात असतो. शिडीपासून बरंच आत, जिथं वाट नाही, तिथं त्याला एक मांडव दिसला. गवताच्या दोन रांगा, हाडकं, शंख, काच, आणि त्यांच्यात चांदीच्या कडीतल्या दोन बारीक काड्या.

फोटो मोबाईलवर आला. अक्कानं चष्मा लावून तो मोठा करून पाहिला.

"ह्यांचंच," ती म्हणाली. "कडी चेपलीय बघ. फडताळाच्या दारात मीच चेपली होती. त्या दिवशी जेवले नाहीत नीट."

मृणालनं तिकडं डॅरिलला व्हिडिओ कॉलवर जोडून घेतलं, इकडं मी फोन धरून बसलो. तो म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला आहे.

"किल्ल्या?" मी विचारलं.

"नाहीत. दुसरं काही नाही. आम्ही भोवती बघितलं."

"म्हणजे ते पठारावर गेले होते."

"मला सांगता येत नाही," डॅरिल म्हणाला. "हे पक्षी एकमेकांच्या मांडवातून चोऱ्या करतात. म्हातारा मेला की नवा नर येतो, तो सामान हलवतो. खाली ओढ्यात पडलेली वस्तू अकरा वर्षांत तिथवर पोचू शकते. किंवा ती तिथंच, हाकेच्या अंतरावर पडली असेल. दोन्ही होऊ शकतं."

अक्का म्हणाली, "विचार त्याला, पुन्हा शोधणार आहेत का?"

"हो. पोलीस तयार आहेत. पाऊस संपला की."

"ह्या खेपेला नाव घ्या म्हणावं. मोठ्यानं घ्या. कुणाच्या भावना बिवना बघू नका."

मृणालनं सांगितलं. डॅरिलनं मान हलवली. मग विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी माझी हाक मारीन," अक्का म्हणाली. "त्याला काय अडचण आहे?"

तिचा व्हिसा आला आहे. माझाही आला. मृणालनं आज सकाळी पार्कच्या कार्यालयात फोन केला होता. ओढ्याला पूर आहे आणि गॉर्जचा रस्ता बंद आहे. कधी उघडेल, ते त्यांना सांगता आलं नाही.